एक घोट द्राक्षरस

पाण्याच्या एका घोटाला माणूस घाबरू शकतो, हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं. त्याआधी चौतीस वर्षं मी सरकारी इस्पितळात नर्स होते आणि "घाबरू नका, काही होत नाही" हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणायचे याचा हिशेबच नाही. इतक्या सहज म्हणायचे याची आता लाज वाटते.

हे लिहून काढा, असं मला गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं. तिचं म्हणणं, माझ्यासारखे पेशंट सणासुदीला घरी जातात आणि सण संपायच्या आत परत दाखल होतात, त्यांच्या घरच्यांनी हे वाचायला हवं. औषधपाण्याची माहिती तुम्ही डॉक्टरांकडूनच घ्या. मी फक्त भीतीबद्दल लिहिणार आहे, कारण त्या विषयात सध्या माझा हात धरणारं कुणी नाही. पुढच्या आठवड्यात माझी तपासणी आहे. तिचं काय होईल ते मला माहीत नाही, आणि ते माहीत नसतानाच लिहितेय.

कप खराब होता

मिस्टर गेल्यापासून कल्याणला माझ्या दोन खोल्यांत मी एकटीच राहायचे. नोव्हेंबरातला मंगळवार होता. सकाळचा चहा घेताना डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून तो गाऊनवर सांडला. पुसला, पुन्हा घोट घेतला, पुन्हा सांडला. चौतीस वर्षांच्या अनुभवी सिस्टरने यावर काय निदान केलं असेल? कपाचा काठ खराब झालाय, असं. मी उठून दुसरा कप घेतला.

दुसऱ्या कपातूनही चहा सांडला तेव्हा मी आरशापुढे गेले. डावा गाल खाली उतरला होता. तो चेहरा मी वॉर्डात कितीदा पाहिला होता, फक्त माझ्या खांद्यावर कधी पाहिला नव्हता. मुलाला, सुहासला, फोन लावला. "आई, झोपेत आहेस का? नीट बोल ना," तो म्हणाला. मी नीटच बोलत होते. त्याला ऐकू मात्र काहीतरी चघळल्यासारखं जात होतं. मग एकदम म्हणाला, "दार उघडून ठेव. मी शेजारच्या काकांना पाठवतो. आई, दार उघड फक्त." दारापर्यंतची आठ-दहा पावलं मी भिंत धरून गेले. आयुष्यात इतकी घाबरले नव्हते, असं तेव्हा वाटलं. पुढे त्याहून जास्त घाबरायचे प्रसंग यायचे होते.

नळी

पक्षाघाताचा झटका होता. ठाण्याच्या इस्पितळात वेळेवर पोचले, त्यामुळे जीव वाचला आणि हातपायही बऱ्यापैकी वाचले. गेलं ते गिळणं. घशातली दारं उघडायची-मिटायची वेळ चुकायला लागली. पोटात जायचं ते श्वासाच्या वाटेला जाऊ लागलं. म्हणून नाकातून नळी घातली आणि नऊ दिवस मला त्या नळीतून भरवलं.

ही नळी मी स्वतः किती जणांना घातली असेल. "गिळा, गिळा, झालंच," असं म्हणत, मनात पुढच्या बेडचा विचार करत. माझ्या नाकात ती जात होती तेव्हा एक तरुण सिस्टर माझ्या कपाळावर हात ठेवून हेच म्हणत होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि मला एकेक जुने पेशंट आठवत होते, ज्यांनी माझा हात झिडकारला होता आणि ज्यांच्यावर मी खेकसले होते.

दहाव्या दिवशी घट्ट दही चमच्याने देऊन पाहिलं, ते नीट उतरलं, आणि नळी निघाली. डॉक्टर निघताना म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला वेगळं सांगायला नको. आता छातीत काही गेलं आणि न्यूमोनिया झाला, तर पुढची नळी थेट पोटात. आणि मग ती कधी निघेल ते सांगता येणार नाही." जानेवारीच्या तपासणीपर्यंत सांभाळायचं, एवढंच माझं काम होतं. वेगळं सांगायला नको होतं हे खरंच, पण त्यांनी ते सांगायला नको होतं असंही वाटलं.

नियम साधे होते. पातळ काही नाही, पाणीसुद्धा नाही. पाण्यात, चहात, वरणात एक पावडर घालायची आणि सगळं श्रीखंडाइतकं घट्ट करायचं. चमच्याने घ्यायचं, हनुवटी छातीला लावून, प्रत्येक घासाला दोनदा गिळायचं. कोरडं, भुगा होणारं काही नाही. पाव, बिस्किट, फरसाण सगळं बंद.

बाळकुमची खुर्ची

मला कल्याणला एकटीला सोडणं शक्य नव्हतं, म्हणून सुहासच्या बाळकुमच्या फ्लॅटवर आणलं. चौदावा मजला. इथे माझी सगळी जबाबदारी सुनेने, मेघाने, घेतली. मेघा शाळेत शिकवते. तिचं माहेर विठ्ठलवाडीचं, घर बौद्ध; आम्ही ख्रिस्ती. तेरा वर्षांपूर्वी दोघांनी कोर्टात लग्न केलं. मी विरोध केला नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले आहे. विरोध केला नाही हे खरं, पण आनंदाने उड्याही मारल्या नव्हत्या.

नाताळाला आमच्या आक्का येणार होत्या. आक्का म्हणजे माझ्या मिस्टरांची थोरली बहीण, वय ब्याऐंशी, राहणार नगर. दर नाताळाला त्या आमच्याकडेच असतात. म्हणजे यंदा मेघाच्या घरात दोन म्हाताऱ्या, एकीला गिळता येईना आणि दुसरीला ऐकू येईना. मेघाने शाळेचं स्नेहसंमेलन भरवावं तशी तयारी केली. न्हाणीघरात धरायला दांडी बसवली. मला हातांची ताठ खुर्ची आणली. आक्कांना उजव्या कानाने थोडं ऐकू येतं, म्हणून त्यांची जागा माझ्या डाव्या हाताला, म्हणजे त्यांचा चांगला कान माझ्याकडे राहील. जेवताना टीव्ही बंद आणि मी घास घेत असताना कुणी मला प्रश्न विचारायचा नाही. मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, गाणारी मुलं दरवर्षी रात्री उशिरा गाणी म्हणत घरोघर फिरतात. तिने फोन करून त्यांना संध्याकाळी पाचला बोलावलं, आणि दहापेक्षा जास्त मुलं नकोत असं बजावलं. नाताळचा स्वयंपाकसुद्धा सगळ्यांना एकच करायचा ठरवला. वाटलेली भाजी, मऊ भात, चिकन शिजवून बारीक करून त्याचा दाट रस्सा, आणि केक दुधात कालवून खिरीसारखा. "आईंनी एकट्याने लगदा खायचा आणि आपण करंज्या फोडायच्या, हे मला नाही जमणार," ती सुहासला म्हणाली. मी शेजारच्या खोलीत ऐकत होते.

एवढं सगळं असून मी जेवत नव्हते. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. घास तोंडात घ्यायचे, हनुवटी खाली करायचे, गिळल्याचं नाटक करायचे आणि मेघाची पाठ वळली की रुमालात थुंकायचे. प्रत्येक घासाला वाटायचं, हाच तो. स्वतःची लाळसुद्धा मी मोजून गिळत होते. पावणेदोन किलो वजन उतरलं, तरी मी म्हणत होते की काटा बिघडलाय.

आक्कांनी आल्या दिवशीच पकडलं. कान गेले असले तरी डोळे घारीचे आहेत.

"काय गं शांता, फडक्यात काय टाकतीस?"

त्यांनी रुमाल उचलला, पाहिला, तसाच खाली ठेवला. मग शांतपणे तोंडात हात घालून दोन्ही कवळ्या काढल्या, वाटीत ठेवल्या आणि मेघाला म्हणाल्या, "पोरी, मलाबी हिच्याचसारखं दे. आता हिनं एक गिळायचं, मी एक गिळायचं. कोण मागं राहतंय बघू." त्यांनी घास घेतला आणि आ करून मला रिकामं तोंड दाखवलं. ब्याऐंशी वर्षांची बाई, बोळक्या तोंडाची. मला हसू आलं आणि हसताना ठसका लागेल म्हणून परत भीती वाटली. पण त्या दुपारी मी वाटी संपवली.

आम्ही काय विसरलो

नाताळच्या दोन दिवस आधी आमच्या चर्चचे पाळकसाहेब आले. जे आजारी देवळात येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी जाऊन ते प्रभुभोजन देतात. आमच्या कल्याणच्या मंडळीतून बाळकुमपर्यंत दोन रिक्षा बदलून, मांडीवर लाकडी पेटी सांभाळत आले. चाळिशीचे आहेत, अतिशय साधे.

मी नवी साडी नेसले होते. आक्कांनी डोक्यावरून पदर घेतला. मेघाने पाळकसाहेबांना पाणी दिलं, चहा दिला, आणि "आईंना मात्र काही नको हं" असं नेहमीप्रमाणे सांगून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. टेबलावर पांढरं कापड अंथरलं गेलं. पेटीतून पावाचे छोटे चौकोनी तुकडे निघाले आणि अंगठ्याएवढे काचेचे पेले. त्यांत द्राक्षरस.

कोरडा पाव आणि पातळ रस. महिनाभर ज्या दोन गोष्टींपासून मला वाचवायला अख्खं घर धडपडत होतं, त्याच दोन. आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या तर नाहीच. मी लहानपणापासून जे घेत आले ते खाणं-पिणं आहे, ते घशातून जातं, असा विचार माझ्या डोक्याला शिवलाच नाही. शिवाय तो पेला इतका लहान, की शेवटचा थेंब घ्यायचा तर मान मागे टाकावी लागते. डोळे मिटून, भक्तिभावाने, मी मान मागे टाकली.

पुढचं तुकड्यातुकड्यांत आठवतं. पाव घशात चिकटलेला. त्याच्यावरून काहीतरी गार चुकीच्या वाटेने खाली गेलं. खोकला यायला हवा होता, आला नाही. आत हवा जाईना. पाळकसाहेबांचं तोंड हलत होतं, पण आवाज येत नव्हता. मी मरतेय, आणि यांच्यासमोर मरतेय, आता हा बिचारा माणूस आयुष्यभर काय करेल, असं मनात आलं. देव आठवला नाही. हे खरं सांगते.

मेघा धावत आली. मला कमरेतून पुढे वाकवलं आणि पाठीवर खांद्यांच्या मध्ये तळहाताने जोरजोरात मारलं. तिसऱ्या-चौथ्या फटक्याला पाव बाहेर पडला आणि खोकला सुटला. पांढऱ्या कापडावर जांभळे डाग पडले. आक्का "शांता, ए शांता" करत माझा पाय दाबत होत्या, बाकी काही सुचेना म्हणून.

पाव निघाला, रस मात्र छातीत गेला होता. माझा आवाज घोगरा, ओला येऊ लागला. तो आवाज मला वॉर्डातून ओळखीचा होता.

तुमच्या घरी असा पेशंट असेल तर एवढं एक करा. तो जे जे तोंडात घेतो त्याची आठवण करताना, तुम्ही ज्याला जेवण म्हणत नाही तेही आठवा. तुमच्याकडे तीर्थ असेल, प्रसादाचे साखरफुटाणे असतील, कुणाकडे रोजा सोडायची खजूर असेल. आम्ही करंज्यांचे डबे माळ्यावर ठेवले होते.

थर्मामीटरचा नाताळ

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, तीन दिवस ताप बघा. शंभरच्या वर गेला किंवा धाप लागली तर थेट इकडे या. म्हणजे आमचा नाताळ त्या तीन दिवसांतच बसला.

दर चार तासांनी थर्मामीटर. त्याचा आवाज येईपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही. मी पेशंट होते आणि नर्सही होते, म्हणून मला दुप्पट भीती वाटत होती. छातीत घरघर होते का ते मी स्वतःच ऐकायचे, आणि ऐकलं की होतेय असंच वाटायचं. पोटाला हात लावून बघायचे, नळी कुठे घालतील. डाव्या बाजूला, बरगडीच्या खाली. चहाचा वास फक्त नाकाने घ्यायचा आणि पोटात बाटलीतलं दूध जायचं, असं किती वर्षं जगता येईल? जगावं का? हे मी कुणाला बोलले नाही. सुहास येता-जाता माझ्या कपाळाला हात लावायचा आणि मोबाइलमध्ये काही तरी बघितल्यासारखं करायचा. मी त्याच्यावर ओरडले, "मेले नाहीये मी अजून, सारखा काय चाचपतोस?" तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. पाठमोरा रडत होता, ते कळत होतं.

पाळकसाहेबांचे दिवसातून चार फोन. "सिस्टर, मला जेवण जात नाही हो," ते एकदा म्हणाले. मला राग आला. जेवण जात नाही म्हणे. ते मी म्हणायचं.

नाताळच्या संध्याकाळी पाचला मुलं आली. दारात उभी राहून हळू आवाजात गायली, मेघाने तसं सांगितलं होतं. आक्का ऐकू येत नसतानाही ताल धरत होत्या. मला नव्याण्णव पॉइंट सहा होता. गाणं चालू असताना मी मनात फक्त तो आकडा म्हणत होते.

गाणारी मुलं गेली, आक्का आडव्या झाल्या. मेघा थर्मामीटर पुसत माझ्याजवळ बसली. बराच वेळ पुसत राहिली.

"आई, एक सांगू? मी बघितलेलं."

"काय बघितलंस?"

"तो पेला. पाळकसाहेबांनी पेटी उघडली ना, तेव्हाच मला दिसलं की रस पातळ आहे. पावपण. मी बोलणारच होते. तोंडावर आलेलं."

"मग बोलली का नाहीस?"

"ते तुमचं होतं ना, आई. त्याच्यात मी कशी मध्ये बोलू? मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. देवाचं आहे, त्याच्यात काही तरी वेगळं असेल." तिने थर्मामीटर डबीत ठेवला. "तुम्हाला काही झालं ना, तर मी सुहासला तोंड नाही दाखवू शकणार."

मला तिचा राग यायला हवा होता. एक क्षण आलाही. मग मला तिचा लग्नानंतरचा पहिला नाताळ आठवला. देवळात ती माझ्या शेजारी बसली होती, छान काठापदराची साडी नेसून. पेल्यांचा ट्रे आमच्या रांगेत आला, सगळे घेत होते म्हणून तिनेही हात पुढे केला. मी तिचं मनगट धरलं आणि खाली दाबलं. "हे तुझ्यासाठी नाही," असं म्हणाले. नियम म्हणून ते चूक नव्हतं. बाप्तिस्मा नसला तर देत नाहीत. पण मी ज्या जोराने मनगट दाबलं होतं तो नियमात नव्हता. नंतर कधी तिला समजावूनही सांगितलं नाही. तेरा वर्षं ती दरवर्षी येते आणि ट्रे आला की हात मांडीखाली घेऊन बसते. ते मी पाहत होते आणि मला ते बरं वाटत होतं.

"ते मी शिकवलं तुला," मी म्हणाले. तिला कळलं.

तिसरा दिवस

तिसऱ्या दिवशी सकाळी ताप नव्हता. दुपारी नव्हता. संध्याकाळी छातीचा फोटो काढून आणला, डॉक्टर म्हणाले, सध्या ठीक दिसतंय. आक्कांनी मोठ्याने प्रार्थना केली, इतकी मोठ्याने की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं.

मला मोकळं वाटायला हवं होतं. पण भीती गेली नाही, तिने फक्त जागा बदलली. आता मला प्रभुभोजनाचीही भीती वाटत होती. आयुष्यात घाबरले की जिथे जायचे, तिथलीच. हे मला सहन होईना. वर्षाच्या शेवटच्या रविवारी दुपारी मी पाळकसाहेबांना पुन्हा बोलावलं.

ते आले, पण पेटी उघडेनात.

"सिस्टर, डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबू या का?"

"व्यायामाच्या मुलीला फोन केलाय. ती म्हणते, घट्ट करून, चमच्याने. पाव रसात पूर्ण कुस्करून. तुमच्या नियमात हे चालतं का तेवढं सांगा."

त्यांनी पेटीचं झाकण उघडलं, पेल्यांकडे पाहिलं. "रस तोच आहे," ते म्हणाले. "पण मला ते घट्ट करता येत नाही. किती पावडर घालतात?"

ते फक्त मेघाला माहीत होतं. ती दारातच उभी होती, मागच्या वेळेसारखीच. मी हाक मारली तेव्हा ती आत आली, पण टेबलापाशी येऊन थांबली.

"मी हात लावलेला चालेल?" तिने विचारलं. पाळकसाहेबांना नाही, मला.

"तू लावला नाहीस तर मी घेणार नाही."

तिने हात धुतले. वाटीत रस ओतला, मोजून पावडर घातली, ढवळली, थांबली, चमचा तिरका करून पाहिला. पाव घालून इतका कुस्करला की वेगळा दिसेना. पुन्हा चमचा तिरका केला. आक्का श्वास रोखून बसल्या होत्या. सुहास भिंतीला टेकून उभा होता, हातात फोन, इस्पितळाचा नंबर काढून ठेवलेला.

पाळकसाहेबांनी वचन वाचलं. "मला भीती वाटतेय, सिस्टर," ते मध्येच थांबून म्हणाले.

"मलाही," मी म्हणाले.

मेघा माझ्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसली. चमचा भरला. तिचा हात मात्र स्थिर होता. या वेळी मी डोळे मिटले नाहीत. तिच्याकडे बघत तोंड उघडलं.